खिम्याची चरबी सिंकमध्ये नको

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. बीफचा खिमा आता तू घरीच करतोस हे वाचून आनंद झाला, पण सुटलेली चरबी साबण आणि गरम पाण्याबरोबर सिंकमध्ये ओततोस, हे वाचून मात्र राहवेना. आजपासून ते बंद कर.

गरम पाण्यानं चरबी नाहीशी होत नाही, फक्त नजरेआड होते. ही चरबी थिजायला फ्रिज लागत नाही. पाइपमध्ये थोडं पुढे जाऊन पाणी निवलं की ती मेणासारखी आतून धरते आणि मग सगळं खरकटं तिथेच चिकटत राहतं. साबणाचाही उपयोग तेवढ्यापुरताच. २०१७ साली लंडनच्या व्हाइटचॅपल भागातल्या गटारात चरबी आणि ओल्या वाइप्सचा सुमारे १३० टनांचा, २५० मीटर लांब गठ्ठा सापडला होता. तो असाच घराघरांतून साठत गेलेला.

पाकिटावर २० टक्के चरबी लिहिलेली असेल, तर अर्ध्या किलोत १०० ग्रॅम चरबीच असते. म्हणून वरून तेल घालूच नकोस. मध्यम आचेवर खिमा मोकळा करत परत. आधी पाणी सुटून रटरट आवाज येतो. ते आटलं की चुरचुर सुरू होते. खिमा आतपर्यंत शिजला की गॅस बंद कर, तो एका बाजूला सरकव आणि कढई जराशी तिरपी धर. खाली जमलेली चरबी डावानं स्टीलच्या वाटीत काढ. प्लास्टिक वितळेल, थंड काच तडकेल. चमचाभर चरबी मात्र राहू दे आणि मसाला त्यानंतरच घाल, नाहीतर त्याचा स्वादही चरबीबरोबर निघून जातो.

वाटीतली चरबी थिजली की रद्दी कागदात गुंडाळून कचऱ्याच्या डब्यात टाक. खतात नको, वासानं उंदीर येतात. कढई धुण्याआधी कागदानं नीट पुसून घे. हे बहुतेक जण विसरतात आणि उरलेला तवंग पुन्हा पाइपातच जातो.

आणि एक, चरबीनं कधी पेट घेतलाच तर पाणी अजिबात मारू नकोस. गॅस बंद कर आणि वर झाकण सरकव.

तुझ्या सिंकमधलं पाणी आत्ताच हळू उतरत असेल, तर पूर्ण तुंबायची वाट न बघता प्लंबरला बोलाव. काय झालं ते कळव.

तुझा,
सुहास