हाताला कळू द्या

महोदय,

आयटीआयमध्ये वेल्डिंग शिकवण्यात माझी २६ वर्षं गेली. परवा एका प्रशिक्षण केंद्रात मुलं व्हीआर (आभासी दृश्य दाखवणारा) हेडसेट लावून वेल्डिंग करताना पाहिली. ठिणग्या हुबेहूब, चौघं एकाच जॉबभोवती, म्हणजे जोडायच्या धातूच्या तुकड्याभोवती, जमलेली. पण ३.१५ मिलिमीटरचा रॉड जॉबला चिकटला की मनगटाला जो हिसका बसतो, तो तिथे नव्हता. रॉड चटकन पिळून सोडवायचा असतो. पोरांचं मनगट धरूनच मी ते शिकवलं. हाताला असा उलटा जोर देणारं ‘फँटम’ यंत्र अमेरिकेतल्या एमआयटीत १९९३ सालीच तयार झालं. मग आपल्या मुलांच्या हाती नुसता थरथरणारा कंट्रोलर का? खरेदीच्या निविदेत स्पर्शाची अट घाला. निदेशकाचा हात मुलाच्या हाताला जाणवेल, अशी सोयही मागा.

— एक निवृत्त शिल्प निदेशक, सांगली