रुग्णाला 'कसं वाटतंय' हे नीट कोण विचारणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

डिस्चार्जच्या वेळी बिलाच्या काउंटरवर एक फॉर्म पुढे सरकवला जातो. स्वच्छता कशी होती, कर्मचारी कसे वागले, जेवण कसं होतं? पेशंट बाकावर बसलेला, मुलगा घाईत सगळीकडे 'उत्तम'वर टिक करतो आणि रिक्षा बघायला पळतो. केंद्र सरकारची 'मेरा अस्पताल' ही २०१६ची व्यवस्थाही मुख्यतः समाधानच विचारते. विचारू दे. पण त्यातून रुग्णाचा दम कमी झाला का, रात्री आडवं होता येतं का, हे कळत नाही.

परिचर्या क्षेत्रात यावर बरंच काम झालं आहे. स्वीडनमधील गोटेनबर्ग विद्यापीठात २०१० साली व्यक्तिकेंद्री शुश्रूषेसाठी स्वतंत्र केंद्र निघालं; परिचर्येच्या प्राध्यापक इंगर एकमन त्याच्या सुरुवातीच्या प्रमुख. त्यांची पद्धत तीन कामांची: रुग्णाची हकिगत त्याच्या तोंडून ऐकणे, पुढचा बेत त्याच्यासह ठरवणे आणि तो केसपेपरवर लिहिणे. तिसरं काम सगळ्यात आधी गळतं. हृदय अशक्त झालेल्या २४८ रुग्णांवरचा त्यांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. सरसकट पाहिलं तर रुग्णालयातला मुक्काम जेमतेम एक दिवसाने घटला, तोही योगायोग असू शकेल इतपतच. जिथे पद्धत पूर्ण पाळली गेली तिथे मात्र अडीच दिवसांनी घटला. ही आधीच्या आणि नंतरच्या रुग्णांची तुलना होती, चिठ्ठ्या टाकून केलेली विभागणी नव्हे, हेही ध्यानात ठेवावं.

सोलापुरात याचा अर्थ काय? हृदय अशक्त झालेला यंत्रमागावरचा कामगार अंगात साचलेलं पाणी उतरवणारी लघवीची गोळी चुकवतो, कारण कामाची पाळी चालू असताना सारखं उठता येत नाही. केसपेपरवर 'औषधे नियमित घेत नाही' एवढंच येतं. कामाची वेळ विचारली, तर डॉक्टरांना सांगून गोळीची वेळ पाळीनंतर, पण झोपेच्या बरीच आधी नेता येते. विड्या वळणारी बाई मांडीवर सूप घेऊन तासन् तास बसते. पायांची सूज बसण्याने की हृदयाने, हे ठरवायला सकाळी उठताना सूज असते का, हे विचारावं लागतं.

नेमका हाच प्रश्न कॅन्सस सिटी प्रश्नावलीत आहे; हृदय अशक्त झालेल्या रुग्णाला स्वतःला कसं वाटतंय, हे ती मोजते. तिच्या छोट्या आवृत्तीत १२ प्रश्न, गुण ० ते १००, जास्त गुण म्हणजे प्रकृती बरी. साधारण ५ गुणांचा फरकसुद्धा दखल घेण्याजोगा. चुका मात्र ठरलेल्या होतात. प्रश्न मागच्या दोन आठवड्यांबद्दल असतात, त्यामुळे चौथ्या दिवशी डिस्चार्जला विचारलं तर दाखल होण्याआधीचेच दिवस मोजले जातात. दाखल होताना एकदा आणि महिन्याने फेरतपासणीला एकदा विचारावं. धावण्याच्या प्रश्नावर 'मी कधी धावतच नाही' म्हणणाऱ्या आजींना 'अजिबात जमत नाही' या रकान्यात टाकतात आणि गुण नाहक पडतात. 'इतर कारणाने किंवा करतच नाही' असा वेगळा पर्याय असतो आणि तो गुणांत धरायचा नसतो. दम लागतो म्हणून झोपताना तीन उशा लागतात का, या प्रश्नाला एकच उशी असलेल्या घरातून 'नाही' येतं, आणि बाई भिंतीला टेकून रात्र काढत असते.

म्हणून सिस्टरने वॉर्डात मनाने शब्द बदलावेत असं नाही. मग गुणांची तुलनाच होत नाही. प्रश्नावलीच्या हक्कधारकांची परवानगी घेऊन दोघांनी स्वतंत्र भाषांतर करावं, दोन्ही ताडून एक मसुदा करावा, मूळ न पाहिलेल्या तिसऱ्याने तो उलट मूळ भाषेत आणून ताडावा, मग पाच-दहा रुग्णांना वाचून दाखवून 'काय समजलं?' विचारावं. मराठीइतकीच पूर्व भागासाठी तेलुगू आणि अक्कलकोटकडच्यांसाठी कानडी हवी. वॉर्डातल्या मावशींना ऐनवेळी दुभाषी करणं थांबवावं. नातेवाइकाने उत्तर दिलं तर तशी नोंद करावी.

आणि उत्तर वाचणारं कुणी नसेल तर हा खटाटोप करूच नये. अमेरिकेत २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पसरलेल्या कर्करोगाचे ७६६ रुग्ण होते. ज्यांनी आपली लक्षणं नियमित नोंदवली, त्यांच्यातले निम्मे ३१.२ महिन्यांपेक्षा जास्त जगले, बाकीच्यांतले निम्मे २६ महिन्यांपेक्षा जास्त. तिथे लक्षण वाढलं की परिचारिकेला लगेच ईमेल जात होता. आपल्याकडे अशी माहिती नर्सिंगच्या विद्यार्थिनी मन लावून गोळा करतात आणि ती प्रबंधात बांधली जाते; वॉर्डात काही परत येत नाही.

एका सिस्टरकडे तीस-चाळीस रुग्ण असताना सगळीकडे हे होणार नाही. शहरातल्या मोठ्या रुग्णालयांनी फक्त हृदयरोगाच्या ओपीडीत, आठवड्यातून एक दिवस सुरू करावं. एक प्रशिक्षित सिस्टर, वजनकाटा, छापील प्रश्न आणि एक फोन नंबर. सकाळी लघवीनंतर, चहाच्या आधी वजन करायचं आणि तीन दिवसांत दोन किलो वाढलं (अंगात पाणी साचत असल्याची खूण) तर त्या नंबरवर कळवायचं, एवढं रुग्णाला सांगावं. तो फोन कुठल्या पाळीत कोण उचलणार, हे ड्युटी चार्टवर आधी लिहावं.

– एक परिचर्या अध्यापिका, सोलापूर