शार्कवरचा आरोप

पुणे

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. १९७५ च्या उन्हाळ्यात स्टीव्हन स्पीलबर्ग यांच्या ‘जॉज’ या चित्रपटातल्या शार्कने अमेरिकेतला विचारी सिनेमा गिळला, हे तुझे वाक्य चटकदार आहे आणि त्या काळावर लिहिणारे अनेक जण तेच सांगतात, पण मला ते पटत नाही. दोष द्यायचाच असेल तर तो पडद्यावर नव्हे, वितरकाच्या हिशेबात शोधावा लागेल.

आधी आठ वर्षे मागे जाऊ. ऑगस्ट १९६७ मध्ये ‘बॉनी अँड क्लाइड’ हा चित्रपट आला, तेव्हा ‘न्यू यॉर्क टाइम्स’चे समीक्षक बॉस्ली क्राउदर यांनी त्याला झोडपून काढले. ‘न्यूजवीक’च्या जोसेफ मॉर्गनस्टर्न यांनीही प्रतिकूल लिहिले, मग तो प्रेक्षकांत बसून पुन्हा पाहिला आणि आठवड्याभरातच आपले चुकल्याचे छापून मोकळे झाले. (आपण दोघांनी अशी किती मते मागे घेतली आहेत, हे न विचारलेलेच बरे.) ऑक्टोबरमध्ये समीक्षक पॉलीन केल यांचा प्रदीर्घ लेख ‘न्यू यॉर्कर’मध्ये आला, १९६८ मध्ये चित्रपट पुन्हा प्रदर्शित झाला, चांगला चालला आणि त्याला ऑस्करची दहा नामांकनेही मिळाली. समीक्षेचे वजन पडले, कारण वाद घालायला आणि मत बदलायला मधे काही महिने होते.

तेव्हाची रीतच तशी होती. चित्रपट आधी मोठ्या शहरांतल्या मोजक्या चित्रपटगृहांत लागे आणि तोंडोतोंडी नाव झाले की सावकाश गावोगाव पोहोचे. एकदम सगळीकडे लावण्याची घाई बहुधा ज्याची बदनामी लवकर होणार अशा मालासाठी असे. ‘जॉज’ मात्र २० जून १९७५ रोजी एकाच दिवशी ४०९ चित्रपटगृहांत लागला आणि त्याआधीच्या काही रात्री दूरचित्रवाणीवर त्याच्या जाहिरातींचा मारा झाला. परीक्षण वाचून ठरवायचे ते लोक जाहिरात पाहून रांगेत उभे राहू लागले. आपल्याकडे एकाच चित्रपटगृहातले पंचवीस आठवडे मोजून रौप्यमहोत्सव होत असे. तिकडे पुढे पहिल्या शनिवार-रविवारीच निकाल लागू लागला.

पण खुद्द चित्रपट? खाऱ्या पाण्यात यांत्रिक शार्क वारंवार बिघडे, म्हणून स्पीलबर्ग यांनी तो दाखवण्याऐवजी सुचवला: पाण्यावर ओढली जाणारी पिवळी पिंपे, संगीतकार जॉन विल्यम्स यांचे दोन सूर, व्हर्ना फील्ड्स यांचे संकलन. शार्कच्या शिकारीला निघालेल्या नौकेच्या केबिनमध्ये अभिनेता रॉबर्ट शॉ बुडालेल्या ‘इंडियानापोलिस’ या युद्धनौकेची हकिकत सांगतो, तेव्हा सारी धावपळ थांबते आणि केवळ एक माणूस बोलत राहतो. विचारी सिनेमा याहून वेगळा काय असतो?

शिवाय ‘स्टार वॉर्स’ १९७७ मध्ये पन्नासहून कमी चित्रपटगृहांत सुरू झाला होता, त्यामुळे धंद्याचे वळणही तू म्हणतोस तसे एका रात्रीत आलेले नाही. १९८० चा ‘हेवन्स गेट’ तर दिग्दर्शकाच्याच हट्टाने खर्चात बुडाला आणि पुढच्या वर्षी तो काढणारी युनायटेड आर्टिस्ट्स ही कंपनी विकली गेली. तिथे कुठलाही मासा नव्हता.

तो केबिनमधला प्रसंग पुन्हा पाहा आणि मग लिही. घाई नाही, मॉर्गनस्टर्न यांच्यासारखा आठवडाभर वेळ घेतलास तरी चालेल.

तुझा,
जुना वादमित्र