गरम पाण्याचा आकडा नक्की ठरवतो कोण?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

थंडी पडली की आपल्या पेपरात एक बातमी ठरलेली असते, अमुक वसतिगृहात पोरांना गार पाण्याने अंघोळ करावी लागते, मग रेक्टरचं म्हणणं, मग शेवटी 'दुरुस्तीचं काम सुरू आहे'. ते दुरुस्तीचं काम करणाऱ्यांपैकी मी एक. आयटीआय इलेक्ट्रिशियन आहे, सेकंड क्लास बॉयलर अटेंडंटचं सर्टिफिकेट आहे, नऊ वर्षं साखर कारखान्यात काढली आणि आता निफाड भागातल्या एका कॉलेजच्या होस्टेलचं मेंटेनन्स बघतो. इथली थंडी सगळ्या महाराष्ट्राला माहितीय, तापमान पाच-सहावर आलं की पहिला फोन हवामान खात्याला जात असेल, दुसरा मला येतो.

मागच्या डिसेंबरात आमच्याकडे काय झालं ते सांगतो. गच्चीवर 2000 लिटरचं सोलर आहे, त्याला 24 किलोवॅटचा बॅकअप हीटर, आणि पाणी दोन विंगांमध्ये फिरवायला एक छोटा सर्क्युलेशन पंप. लांबच्या विंगमधल्या पोरांची तक्रार आली की पाणी गार येतं. मी गावाला गेलो होतो, चार दिवस. रेक्टर सरांनी कंत्राटदाराच्या माणसाला बोलावलं, त्याने कंट्रोलरचं (पाणी किती अंशाला आलं की हीटर बंद करायचा ते ठरवणारा डबा) सेटचं बटण दाबलं, 55 अंशाचे 60 केले. दुसऱ्या दिवशी तीच तक्रार, 65 केले. तिसऱ्या दिवशी 70. चौथ्या दिवशी सकाळी टाकीच्या जवळच्या विंगमधला एक मुलगा शॉवरखाली उभा राहिला आणि पाठीवर फोड घेऊन बाहेर आला. आणि लांबच्या विंगला तेव्हासुद्धा गारच पाणी येत होतं!

मी आलो तेव्हा आधी आकड्याकडे बघितलंच नाही, पॅनल उघडलं. आमच्याकडे पॅनलमध्ये जुना गोल तबकडीचा टायमर आहे, कडेने पिना असतात, जेवढ्या पिना आत ढकलल्या तेवढा वेळ सप्लाय चालू. पहाटे 4 ते 8 पिना आत होत्या, म्हणजे प्रोग्रॅम अगदी बरोबर. पण तबकडीवरचा बाण दाखवत होता रात्रीचे 2 आणि माझ्या हातातल्या घड्याळात वाजले होते सकाळचे 9. या टायमरला बॅटरी नसते, लाइट गेली की मोटर थांबते, लाइट आली की जिथं थांबला तिथून पुढे चालू. दिवाळीपासून जेवढी लाइट गेली तेवढं सगळं त्याने प्रामाणिकपणे जमा करून ठेवलं होतं, सात तास. म्हणजे पहाटे 4 ला चालू व्हायचा हीटर आणि पंप चालू होत होते सकाळी 11 ला, पोरं लेक्चरला बसलेली असताना, आणि बंद होत होते दुपारी 3 ला. जे पाणी ऊन फुकटात तापवत होतं तेच आम्ही वर बिल भरून तापवत होतो. पहाटे टाकीत पाणी कढत, पण पंप बंद, त्यामुळे लांबच्या विंगपर्यंतच्या 60 मीटर पाइपात रात्रभराचं गार पाणी उभं. सव्वा इंची पाइप आहे, त्यात जवळपास 50 लिटर पाणी मावतं, ते वाहून जाईपर्यंत कोण थांबणार नळ सोडून? बादलीत पडतं ते गारच. आणि जवळच्या विंगला मात्र थेट टाकीतलं.

म्हणजे बिघाड घड्याळात होता आणि सगळे फिरवत बसले तापमान. त्या कंत्राटदाराच्या माणसाला मी दोष देत नाही, त्याला सांगितलं 'वाढव', त्याने वाढवलं. माझं म्हणणं वेगळं आहे, की हा आकडा कुणाचाच नाही. पाणी गार आलं की जो पॅनलजवळ उभा असेल तो वाढवतो, कुणाला भाजलं की जो उभा असेल तो कमी करतो, बिल आलं की अकाउंटवाले सांगतात अजून कमी करा. लिहून कुठंच ठेवलेलं नसतं. 

आता तो आकडा ठरवायचा कसा, हे जरा विस्ताराने लिहितो, कारण लोकांना वाटतं यात काय एवढं. 

60 अंशाचं पाणी मोठ्या माणसाच्या कातडीला साधारण 5 सेकंदात खोल भाजतं, 70 ला जेमतेम एक सेकंद पुरतो, आणि 50 च्या खाली आलं की तेच काही मिनिटांवर जातं. लहान मुलं आणि म्हातारी माणसं यांना त्याहून कमी वेळ पुरतो. मग सरळ 45 वरच ठेवावं की टाकी, असं कुणी म्हणेल, आमच्या एका सरांनी म्हटलंच. तर ते चालत नाही. 1976 साली अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात माजी सैनिकांचं अधिवेशन भरलं होतं, तिथं लोक न्यूमोनियाने पटापट आजारी पडले, बरेच दगावले, पुढच्या वर्षी त्याचा जंतू सापडला, लिजिओनेला नाव ठेवलं. तो तिथं एसीच्या पाण्यातून पसरला असं मानतात, पण त्याला कुठलंही कोमट पाणी चालतं, 20 ते 45 अंश म्हणजे त्याच्यासाठी एकदम आरामाची जागा, आणि फवाऱ्याच्या बारीक थेंबातून तो छातीत जातो. 60 ला मात्र तो काही मिनिटांत मरतो. म्हणून टाकी 60 ला ठेवायची, फिरून परत येणारं पाणी 50 च्या खाली जाऊ द्यायचं नाही आणि भाजू नये म्हणून नळाजवळ मिक्सिंग व्हॉल्व्ह लावायचा, जो गार आणि गरम आपोआप मिसळून चाळीस-पंचेचाळीसच्या आसपास सोडतो. हॉस्पिटलला तर याशिवाय गत्यंतरच नाही. पण कोटेशनमधून सगळ्यात आधी काट बसते ती या व्हॉल्व्हवर, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

आणि आकडा वाढवायचा मोह का होतो तेही सांगतो, कारण तो अगदीच मूर्खपणा नसतो. आमच्याकडे डिसेंबरात नळाचं पाणी 18 अंशाला येतं. अंघोळीला 40 चं पाणी लागतं असं धरा. टाकी 60 ला असेल तर 20 लिटरच्या बादलीत साडेदहा लिटर गरम लागतं, 70 ला असेल तर साडेआठच. 200 पोरं, म्हणजे 60 ला 2100 लिटर आणि 70 ला 1700. टाकी 2000 ची, त्यातलं शेवटचं पाव तर कामालाच येत नाही, कारण खालून गार पाणी शिरत असतं आणि ते वर मिसळत जातं. मग शेवटच्या पन्नास-साठ पोरांना गार मिळतं, आणि आकडा 70 केला की ती खरंच वीस-पंचवीसवर येतात. खरा हिशोब असा की टाकी लहान आहे किंवा पोरं जास्त भरलीत, पण ते कोण बोलणार, बटण दाबणं स्वस्त पडतं. शिवाय आमच्या बोअरचं पाणी जड, 60 च्या वर गेलं की हीटरच्या कॉइलवर पांढरा क्षार असा बसतो की दोन वर्षांत खोबऱ्याच्या वाटीएवढी जाड खपली निघते, मग कॉइल आतल्या आत जळते.

टायमरचं पण तसंच. 2000 लिटर पाणी 18 वरून 60 ला न्यायचं तर 84000 किलोकॅलरी लागतात, एका युनिटला 860 म्हणून 860 ने भागा, 98 युनिटच्या आसपास येतं, म्हणजे 24 किलोवॅटच्या हीटरला चार तास. ढगाळ दिवसानंतर जर हीटर पहाटे 5 ला चालू झाला तर पाणी 9 ला तयार, पोरांचं लेक्चर 8 ला. हे गणित सातवीतलं पोरगं करेल पण कागदावर मांडलेलं मी एकाही साइटवर बघितलं नाही.

कंट्रोलरच्या आत अजून एक आकडा असतो, त्याला डिफरन्शियल म्हणतात, तो बघायला सेटचं बटण चार-पाच सेकंद दाबून धरावं लागतं. 60 सेट आणि डिफरन्शियल 10 असेल तर पाणी 50 ला येईपर्यंत हीटर चालूच होत नाही, सकाळच्या गर्दीत तोपर्यंत अर्धी टाकी गेलेली असते. आणि कुणी शहाण्याने तो 1 केला तर कॉन्टॅक्टर, म्हणजे हीटर चालू-बंद करणारा स्विच, दिवसभर कटकट कटकट, महिन्यात त्याचे पॉइंट जळतात. आम्ही 4 ठेवतो. कुठला कंट्रोलर तो फरक सेटच्या खाली धरतो, कुठला वर-खाली दोन्हीकडे अर्धा अर्धा धरतो, ते पुस्तकात बघावं लागतं, आणि पुस्तक असतं इंग्रजीत नाहीतर चिनी इंग्रजीत, बहुतेक वेळा ते कंत्राटदाराच्या गाडीतच राहिलेलं. आत शिरायला पासवर्ड लागला तर तोही त्याच गाडीत.

आकडा बरोबर असूनही फसतो, त्याचा एक किस्सा. एका देवस्थानाच्या गावात ओळखीच्या लॉजवर गेलो होतो, मालक म्हणाले मशीन 48 दाखवतं पण पाणी असं येतं की चहा होईल. बघितलं तर तापमान मोजणारा सेन्सर टाकीतल्या त्याच्या नळीतून निम्मा बाहेर सरकलेला, वर उंदराने वायर कुरतडलेली, तो बिचारा अर्धी टाकी आणि अर्धी हवा मोजत होता. कंट्रोलरला वाटत होतं अजून 60 झालं नाही, हीटर बंदच होत नव्हता. टाकीवर काट्याचा साधा थर्मामीटर होता, त्याच्यावरची धूळ पुसली तर 82. अशा वेळेसाठी पाणी फार तापलं की हीटर तोडणारा वेगळा सेफ्टी थर्मोस्टॅट असतो, लाल बटणाचा, एकदा उडाला की हाताने दाबल्याशिवाय चालू होत नाही. तो होता. पण त्याच्या दोन टोकांना कुणीतरी वायरचा तुकडा लावून तो बायपास केलेला! विचारलं तर म्हणे सारखा ट्रिप व्हायचा. अहो सारखा ट्रिप होत होता म्हणजे तो सारखं तेच सांगत होता ना.

आता कायद्याचं. साखर कारखान्यातला बॉयलर असेल तर त्याची नोंदणी, दरवर्षी तपासणी, चालवायला सर्टिफिकेटवाला माणूस, सगळं लागतं, बाष्पके संचालनालयाचे साहेब येऊन आत टॉर्च मारून बघतात. 1923 चा कायदा होता, आता त्याच्या जागी 2025 चा आलाय. पण पाणी 100 अंशाच्या खाली तापवलं जात असेल तर कायद्याच्या व्याख्येत तो बॉयलरच नाही, जुन्यातही नव्हता आणि नव्यातही नाही. वाफेचा धोका मोठा असतो त्यामुळे ते समजू शकतो, आणि प्रत्येक होस्टेलच्या गिझरला इन्स्पेक्टर पाठवा असं मी म्हणत नाही, अजून एक शिक्का आणि अजून एक फेरी कुणाला हवीय. पण होस्टेलला, हॉस्पिटलला, लॉजला कुणी ना कुणी तपासायला येतंच, आगीचं बघतात, किचन बघतात, त्यांनी जाता जाता एक थर्मामीटर सगळ्यात जवळच्या नळाखाली आणि एक सगळ्यात लांबच्या नळाखाली धरायला काय हरकत आहे? दोन मिनिटं लागतात. आणि बिल पास करताना संस्थेने कंत्राटदाराकडून मराठीत एक कागद लिहून घ्यावा, सेट किती, डिफरन्शियल किती, टायमर किती ते किती, पासवर्ड काय, आणि तो पॅनलच्या दाराला आतून चिकटवावा. आपल्या वार्ताहरांनाही विनंती आहे, पुढच्या वेळी गार पाण्याची बातमी करायला आलात तर रेक्टरना एवढंच विचारा की सेट कितीला आहे आणि तो कुणी ठरवला.

आमच्या पॅनलवर आता कागद आहे, माझ्या अक्षरात, सेलोटेपने. खाली 'बदल करणाऱ्याने तारीख व सही करावी' असंही लिहिलंय, आत्तापर्यंत सगळ्या सह्या माझ्याच. तो मुलगा बरा आहे, पाठीवर डाग राहिला. बॅटरीवाल्या टायमरचा अर्ज जानेवारीत दिलाय, तो अजून ऑफिसात टेबलावर आहे, त्यामुळे लाइट किती वेळ गेली ते मी वहीत लिहितो आणि रात्री तबकडी तेवढी पुढे फिरवतो. आज दुपारी पावणेदोन तास गेली होती.

आपला,
एक मेंटेनन्सवाला, ता. निफाड