मित्रास पत्र : बुजऱ्या घोडीला रानवाटेवर नेताना

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. सरावाच्या रिंगणात शहाण्यासारखी चालणारी तुझी घोडी रानवाटेवर पाऊल टाकताच जागोजागी थबकते, झुडूप हलले तरी बुजते आणि गर्रकन मागे वळते, हे वाचून मला तुम्हा दोघांचीही काळजी वाटली. तिची भीती कशी घालवावी, असे तू विचारले आहेस. भीती हा घोड्याचा उपजत स्वभाव आहे आणि पळून जीव वाचवणाऱ्या प्राण्यात तो राहणारच. घाबरल्यावर उधळण्याआधी तिने क्षणभर थांबावे आणि पुढे काय करायचे हे तुझ्याकडून जाणून घ्यावे, एवढी सवय मात्र तिला नक्की लावता येते. माझ्या मते सगळी मेहनत त्याच एका गोष्टीवर खर्च करावी.

त्याआधी तिला कुठे दुखत नाही ना, हे जाणकार पशुवैद्याकडून पाहून घे. तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, आवळताना ती कान मागे पाडत असेल किंवा उतारावर जास्त बिथरत असेल, तर खोगीर पाठीला टोचत असण्याची शक्यता असते. दात, खूर आणि डोळेही तपासावेत, कारण दुखणाऱ्या जनावराला धीर शिकवणे अन्यायाचे आहे.

तिला जग कसे दिसते, हेही लक्षात ठेव. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे घोड्याला जवळजवळ ३५० अंशांचा परिसर एकाच वेळी दिसतो. कपाळाच्या अगदी समोरचा आणि शेपटीच्या थेट मागचा भाग तेवढा नजरेआड राहतो. लाल रंग त्याला नीट ओळखू येत नाही, निळा आणि पिवळा मात्र चांगले कळतात. लख्ख उन्हातून गर्द सावलीत शिरताना त्याचे डोळे सरावायला माणसापेक्षा जास्त वेळ लागतो, म्हणून झाडीच्या तोंडाशी ती थबकली तर तो हट्ट समजू नकोस. तिला तिथे उभे राहू दे. सोसाट्याच्या वाऱ्यात सगळे एकदम हलते आणि कोणता आवाज कुठून आला हे तिला ठरवता येत नाही, तेव्हा अशा दिवशी नवी वाट धरण्याचे टाळावे.

सुरुवात पायी कर. तिला दोरीने धरून, तिच्या खांद्याच्या बाजूला चालत, त्याच वाटेने थोडे अंतर जाऊन परत ये. दोरी हाताला कधीही गुंडाळू नकोस. ती शांत असतानाच मागे फिरणे फार महत्त्वाचे आहे, कारण बुजल्यावर परतलो की बुजले म्हणजे घरी जायला मिळते, एवढेच ती शिकते. वाटेत मधूनमधून थांबव, दोन पावले मागे घे, डावी-उजवीकडे वळव, आणि तिने ऐकले की त्याच क्षणी दोरी सैल सोड. दाब केव्हा दिला यापेक्षा तो केव्हा काढला, यावरून घोडा शिकतो. ज्या खुणा तिला घराजवळ शांतपणे कळत नाहीत, त्या रानात भेदरलेल्या अवस्थेत कळतील, अशी अपेक्षा ठेवू नये.

स्वार झाल्यावर तुझे शरीर काय बोलते, याकडे कसून लक्ष दे. स्वीडनमध्ये झालेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्वारांना आणि घोडे हाताशी धरून नेणाऱ्यांना सांगितले होते की, पुढच्या फेरीत घोड्याजवळ छत्री उघडली जाईल. छत्री कोणीच उघडली नाही, तरी त्या फेरीत माणसांच्या आणि घोड्यांच्याही हृदयाचे ठोके वाढले. म्हणजे वळणावरच्या खडकाला ती बुजेल असे मनात आणून तू लगाम आखडलास आणि गुडघे आवळलेस, तर तिथे काहीतरी धोका आहे, हे तूच तिला कळवलेले असते. त्याऐवजी टाचा खाली सोड, नजर खडकापलीकडच्या वाटेवर ठेव आणि श्वास पूर्ण बाहेर सोड. तिला शाबासकी द्यायची असेल तर मानेवर थापट्या मारण्यापेक्षा आयाळ संपते तिथे, खांद्यांमधल्या उंचवट्यापाशी, बोटांनी खाजव. या जागी खाजवल्याने घोड्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात, असे १९९३ मध्येच दिसून आले आहे.

आता प्रत्यक्ष बुजण्याच्या क्षणाविषयी. एकदा मी रानवाटेने जात असताना एका वळणावर कोणीतरी लाकडांच्या ढिगावर निळी ताडपत्री टाकली होती आणि वाऱ्याने तिचे एक टोक फडफडत होते. वीसेक पावलांवर माझा घोडा थांबला. त्याची मान उंच झाली, नाकपुड्या फुगल्या आणि खोगिराखाली पाठ फळीसारखी ताठ झाली. मी टाच मारली नाही. लगाम इतकाच सैल सोडला की त्याला मान हलवून नीट पाहता यावे, आणि त्याने स्वतः वळायचे ठरवण्याआधी मीच त्याला दोन पावले मागे घेतले व पुन्हा उभे केले. थोड्या वेळाने त्याने लांब फुरफुर केली, मान खाली आली आणि इतका वेळ ताडपत्रीवर रोखलेला डावा कान माझ्याकडे वळला. त्या कानाची वाट पाहायची असते. तो वळेपर्यंत पुढे ढकलण्यात अर्थ नसतो, आणि वळला की एक पाऊल मागावे, मिळाले की दाब काढून घ्यावा. जवळून जाताना मी त्याचे तोंड ताडपत्रीपासून किंचित दूर वळवून घेतले. त्यामुळे तो अंग बाजूला वाकवून चालला आणि माझ्या पायाचे ऐकत राहिला. परतताना मात्र तीच ताडपत्री दुसऱ्या बाजूने दिसली आणि तो पुन्हा दचकला. घोड्याला तीच वस्तू निराळ्या कोनातून नवी वाटू शकते, म्हणून प्रत्येक ठिकाण दोन्ही दिशांनी ओळखीचे करावे लागते. मारून पुढे काढण्याचा सल्ला तुला पुष्कळ लोक देतील. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातल्या झेनोफन या ग्रीक लेखकाने तेव्हाच बजावले होते की, माराने भीती वाढते, कारण होणारी वेदना त्या वस्तूमुळेच झाली, असे घोडा समजतो. मला त्यात काही भर घालावीशी वाटत नाही.

पाण्यातून चालण्याची सवय लावण्यासाठी आधी पसरट, टणक तळाची डबकी शोध. पाणी किती खोल आहे हे तिला वरून कळत नाही. सोबतीला वयस्कर, निबर घोडा मिळाला तर पहिल्या काही फेऱ्या त्याच्या मागून कर, पण पुढे आलटूनपालटून तिलाही पुढे चालू दे, नाहीतर तिचा सगळा विश्वास त्या घोड्याच्या शेपटीवरच राहील.

शिरस्त्राण घातल्याशिवाय रिकिबीत पाय ठेवू नकोस, आणि कोणत्या वाटेने चाललास हे घरी सांगून जा. एक लगाम बाजूला ओढून घोडा थांबवण्याची युक्ती मोकळ्या जागेत उपयोगी आहे, पण अरुंद कडेच्या वाटेवर तसे केल्याने घोडीचा तोल जाऊ शकतो. तिथे वेळीच उतरून तिच्या शेजारी उभे राहणे उत्तम. उतरल्याने घोडी डोक्यावर बसते, हा समज मला मान्य नाही.

खोगिराची तपासणी झाली की काय निघाले ते सविस्तर कळव. माझा म्हातारा घोडा अजून वाटेवर खंबीर चालतो. तुझी तयारी असेल तर मी त्याला घेऊन येतो आणि पहिल्या काही फेऱ्या आपण बरोबरच करू.

तुझा स्नेहांकित मित्र