विश्रांतीचा दिवस रद्द करून परतावा नाकारल्याबद्दल तक्रार

दिनांक : ९ जून

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग,
मुख्य कार्यालय, मुंबई

विषय : एव्हरेस्ट बेस कॅम्प ‘कम्फर्ट लॉज’ ट्रेकमध्ये कबूल केलेला विश्रांतीचा दिवस आणि सोयी न दिल्याबद्दल, तसेच चुकीचं कारण दाखवून परतावा नाकारल्याबद्दल.

महोदय / महोदया,

मी वरुड तालुक्यातला संत्रा उत्पादक शेतकरी. मे महिन्यात मी आणि माझी पत्नी आपल्या कंपनीमार्फत वरील ट्रेकला गेलो होतो. माणशी १ लाख ६५ हजार, म्हणजे दोघांचे ३ लाख ३० हजार रुपये आम्ही मृग बहाराचा माल विकून निघण्याआधीच भरले. बेस कॅम्प तर सोडाच, वाटेतल्या दिंगबोचे गावाच्या पुढे आमचं पाऊल पडलं नाही. परतावा मागितला तेव्हा आपलं दोन ओळींचं उत्तर आलं. त्याचा मतलब एवढाच, की ग्राहकाने वैयक्तिक कारणावरून ट्रेक अर्धवट सोडला, सबब काही देणं लागत नाही. ही नोंद साफ खोटी आहे आणि माझी मुख्य तक्रार तिच्याबद्दल आहे. बाकीचं त्यानंतर.

यापेक्षा निम्म्या पैशात नेणारेही बाजारात होते. आम्ही दोघं साठीच्या आसपासचे, गाव सपाटीवरचं, उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या वर. सरावाला जवळचा डोंगर म्हणजे चिखलदरा, तोही अकराशे मीटरच्या आसपास. तिथला घाट आम्ही थंडीभर पाठीवर पिशव्या घेऊन चढलो. पायांची काळजी नव्हती, धास्ती होती ती विरळ हवेची. हे आपल्या नागपूरच्या प्रतिनिधीला स्पष्ट सांगितलं होतं. तेव्हा त्यांनी छापील कार्यक्रमावर बोट ठेवून सांगितलं, "काका, म्हणूनच तर आपल्या पॅकेजमध्ये नामचेला एक आणि दिंगबोचेला एक, असे दोन दिवस नुसते आरामाचे आहेत. शिवाय शेवटी एक दिवस राखीव." या तीन दिवसांवर विश्वास ठेवून आम्ही पैसे भरले. (याच प्रतिनिधीने आधार कार्डावर नेपाळला विमानानं जाता येतं असंही सांगितलं होतं. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं हे भाच्याला ठाऊक होतं म्हणून बरं, नाहीतर दिल्लीच्या विमानतळावरूनच घरी यावं लागलं असतं.)

कार्यक्रमपत्रिकेत काठमांडूहून लुक्ल्याला, म्हणजे चालणं सुरू होतं त्या गावाला, थेट विमान लिहिलं होतं. हंगामात ही विमानं बहुतेक मंथलीहून सुटतात आणि त्यासाठी मध्यरात्री उठून चार-पाच तास गाडीनं जावं लागतं, हे आम्हाला काठमांडूच्या हॉटेलात आदल्या संध्याकाळी कळलं. मंथलीला ढगांमुळे एक दिवस गेला. त्याचा दोष मी कोणालाही देत नाही. लुक्ल्याची धावपट्टी जेमतेम ५२७ मीटरची, तीही चढावाची. आभाळ मोकळं नसताना तिथे विमान उतरवा, असं कोणता शहाणा माणूस म्हणेल? असा दिवस वाया गेला तर वापरायचा म्हणूनच तो राखीव दिवस होता ना?

तो वापरला नाही. आम्ही फाकडिंगला पोचलो त्या संध्याकाळी आपल्या ऑफिसातून गाईडला फोन आला की नामचेचा आराम रद्द करा आणि सरळ तेंगबोचे गाठा. गाईडनं दोनदा विरोध केला. मी समोरच बसलो होतो. कारण विचारलं तर म्हणाला, पुढची बॅच येते आहे, तिला गाईड म्हणून मीच आहे. म्हणजे तुमची माणसं आणि तारखा जुळाव्यात म्हणून आमचा मुक्काम कापला.

त्याचा हिशेब असा झाला. फाकडिंग २,६१० मीटर, नामचे ३,४४०, तेंगबोचे ३,८६०, दिंगबोचे ४,४१०. तीन रात्रींत आमची झोपायची जागा १,८०० मीटरनं वर गेली आणि मध्ये थांबा एकही नाही. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं, हा डॉक्टरांचा सर्वमान्य सल्ला आहे. तुमच्याच माहितीपुस्तिकेच्या मागच्या पानावर तो छापलेला आहे. फाकडिंग ते नामचे हीच उडी आठशेच्या वर आहे, म्हणून तर सगळे नामचेला थांबतात. दिंगबोचेचा दिवस आम्ही कुठे कापला, असं आता आपण म्हणाल. तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

दिंगबोचेला पोचल्यावर पत्नीनं जेवणाच्या ताटाला हात लावला नाही. रोज रात्री गाईड सगळ्यांच्या बोटाला ते कोरोनात गावोगावी पोचलेलं, ऑक्सिजन मोजायचं यंत्र लावायचा. तिचा आकडा ६८ आला. त्यानं दुसऱ्या बोटाला लावून पाहिलं, हात शेकून पुन्हा लावलं, तोच आकडा. मग बुखारीशेजारची (खोली तापवायच्या शेगडीशेजारची) बाकडी सरकवून, तोल जातो का ते पाहायला, त्यानं तिला टाचेला पंजा लावत सरळ रेषेत चालायला सांगितलं. बुखारीत याकच्या शेणाच्या गोवऱ्या जळत होत्या आणि सगळा ग्रुप श्वास रोखून तिच्या पायांकडे पाहत होता. रेषा तिनं सांभाळली, पण उलट्या थांबेनात. "माहं डोकं फुटून रायलं," एवढंच ती म्हणत होती. दुखणं अंगावर काढणारी बाई आहे, उगाच बोलत नाही.

रात्री नऊच्या सुमारास आपल्या ऑपरेशन्स विभागातल्या गृहस्थांशी मी स्वतः फोनवर बोललो. त्यांचा सल्ला : एवढं तर सगळ्यांनाच होतं, उंचीच्या त्रासावरची डायमॉक्सची अर्धी गोळी द्या, उद्या आराम आहेच, परवा लोबुचेपर्यंत घोडा करून देतो. लोबुचे ४,९४० मीटरवर आहे. घोड्यावर बसलं म्हणून उंची कमी होते का हो?

गाईडनं मात्र उजाडताच आम्हाला फेरिचेला नेलं. तिथे हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचा दवाखाना आहे. डॉक्टरांनी ऑक्सिजन लावला, तपासलं आणि लिहून दिलं की हा उंचीचा आजार आहे, वर जाऊ नये, आजच खाली उतरावं. डायमॉक्स शरीराला जुळवून घ्यायला मदत करते, पण त्रास सुरू झाल्यावर गोळी घेऊन वर चढत राहणं धोक्याचं, हेही त्यांनी समजावून सांगितलं. त्या कागदाची प्रत सोबत जोडली आहे. यात ‘वैयक्तिक कारण’ कुठे दिसतं ते दाखवावं. मी स्वतः धडधाकट होतो म्हणून माझ्या भागाचा परतावा तर मुळीच नाही, असंही आपल्या माणसानं फोनवर ऐकवलं. आजारी बायको परमुलखात सोडून मी फोटो काढायला वर जायला हवं होतं, असं कंपनीचं धोरण असेल तर ते पुस्तिकेत छापा.

दवाखान्याची फी, नामचेपर्यंतचा घोडा, जास्तीचे मुक्काम आणि बदललेलं विमान मिळून ४२ हजार रुपये आम्ही पदरचे घातले. त्यात ‘संपूर्ण प्रवास विमा समाविष्ट’ हे तुमचं वाक्य आठवून विमा कंपनीला फोन केला, तर पॉलिसी फक्त ४,००० मीटरपर्यंतची निघाली. दिंगबोचे, लोबुचे, गोरक्षेप हे सगळे मुक्काम त्याच्या वर आहेत आणि बेस कॅम्प तर ५,३६४ मीटरवर. हेलिकॉप्टर बोलवायची वेळ आली असती तर पैसे कुणी भरले असते? आम्ही विकून विकून काय विकलं असतं?

आता लॉजबद्दल. नामचेची खोली चांगली होती, ते कबूल. तेंगबोचेपासून मात्र पुस्तिकेतल्या फोटोंचा आणि आमच्या खोल्यांचा काडीचा संबंध नव्हता. संडास-बाथरूम खोलीतच, विजेनं तापणारी गादी, गरम पाण्याची आंघोळ असं लिहिलेलं. मिळाली ती प्लायवूडची भिंत आणि सामाईक संडास, त्यातल्या ड्रममधलं पाणी सकाळी मगानं फोडावं लागायचं. तेवढ्या उंचीवर याहून बरी सोय मोजक्याच ठिकाणी असते हे मला आता समजतं, आणि लॉजवाल्यांबद्दल माझी काही तक्रार नाही, त्यांनी डाळ-भात मायेनं वाढला. पण दिंगबोचेच्या मालकिणीनं सांगितलं की बाथरूमवाल्या खोल्या तिच्याकडे होत्या, तुमच्या कंपनीनं साध्याच बुक केल्या होत्या. फरकाचे पैसे कुठे गेले?

आणखी एक. दोन प्रवाशांमागे एक हमाल, असं लेखी होतं. प्रत्यक्षात तीन जणांच्या बॅगा एकाच पोराच्या कपाळपट्ट्यावर लटकत होत्या. वीस वर्षांचाही नसेल. त्याची मजुरी वाचवून कोणाचा आराम साधला?

माझी मागणी अशी की न मिळालेल्या भागाचा, म्हणजे दिंगबोचेपासून पुढच्या सर्व दिवसांचा दोघांचा परतावा, खोल्यांच्या दरातला फरक आणि आमचे ४२ हजार रुपये या पत्रापासून १५ दिवसांत खात्यावर जमा करावेत. आपल्या नोंदीतलं ‘वैयक्तिक कारण’ काढून ‘वैद्यकीय कारणाने, डॉक्टरांच्या लेखी सल्ल्यावरून’ असं करावं आणि त्याची प्रत मला पाठवावी. नामचेचा दिवस कोणाच्या आदेशानं कापला आणि राखीव दिवस का वापरला नाही, याचा लेखी खुलासाही हवा.

तसं न झाल्यास मी अमरावतीच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. वाद फक्त मुंबईतच चालेल हे आपल्या अटींमधलं कलम मी वाचलं आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यातही दाद मागता येते, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी लागत नाही. १९१५ या हेल्पलाइनवर मी नोंद केलेलीच आहे. ‘तुमच्या समाधानासाठी पुढच्या ट्रेकवर १० टक्के सूट’ असा जो मेसेज आला, तो कृपया पुन्हा पाठवू नये.

आमच्यासोबत खाली उतरल्यामुळे गाईडचे त्या दिवसांचे पैसे कापल्याचं ग्रुपमधल्या दुसऱ्या एका जोडप्याकडून कळलं. हे खरं असेल तर ते पैसे त्याला आधी द्या, माझा परतावा त्यानंतर आला तरी चालेल. त्याच्यावर काही कारवाई चालू असेल तर त्यानं काय केलं हे मी शपथपत्रावर लिहून द्यायला तयार आहे. तसं आठ दिवसांत कळवावं. उत्तर मराठीतून आणि टपालाने पाठवावं, आमच्याकडे नेटवर्कचा भरवसा नसतो.

आपला,
ग्राहक
(नाव, पत्ता व बुकिंग क्रमांक सोबतच्या पावतीवर)

सोबत : पैसे भरल्याची पावती, छापील कार्यक्रमपत्रिका, फेरिचे दवाखान्याचा कागद, विमा पॉलिसीची प्रत, खर्चाची बिलं, खोल्यांचे फोटो.