निम्मं शटर

कोल्हापूर,
रविवार, रात्री साडेअकरा

प्रिय बंड्या,

'अजून चाललंय का तुमचं ते गोदाम?' असं विचारलंस, म्हणून मोबाईल बाजूला ठेवून कागद घेतला. गोदाम नव्हे लेका, जुनं लेथ मशीनचं शॉप, आता आमचं चित्रं लावायचं दालन. आणि चाललंय. उद्यमनगरातलं ते शटर अजून निम्म्यावरच अडकतं. मोठा कॅनव्हास तिरका करून घ्यावा लागतो आणि येणारा प्रत्येक जण वाकून आत येतो.

भिंती वर्षानुवर्षं तेल प्यालेल्या. तीनदा चुना मारला, तिन्ही वेळा डाग वर आले. मग नाद सोडला. आता डाग चुकवून चित्रं लावतो. दिव्यांना तेलाच्या डब्यांचे पत्रे वाकवून शेड केल्यात. भाडं 6,000, आम्ही नऊ जण, डोकी 800. उरलेल्यात लाइट बिल आणि चहा. किल्ली शेजारच्या टपरीवर. सगळा कारभार तालमीसारखा, वर्गणी काढायची, झाडलोट पाळीनं. अध्यक्ष नेमायचा विषय निघाला की नेमका कुणाचा तरी फोन वाजतो.

पण तुला सांगायचं होतं ते वेगळंच. गेल्या प्रदर्शनाला पलीकडच्या फाउंड्रीतला एक मोल्डर, म्हणजे ओतकामाचे वाळूचे साचे करणारा, जेवणाच्या सुट्टीत डोकावला. आमच्यातल्या एका पोरीचं प्लास्टरचं शिल्प होतं, ती ते धातूत ओतून घेणार होती. गडी दोनदा फिरला त्याच्याभोवती आणि म्हणाला, ''ह्याला ड्राफ्टच न्हाई की ओ. वाळूतनं निघतंय व्हय हे?'' ड्राफ्ट म्हणजे वाळूच्या साच्यातनं सुटायला बाजूंना ठेवलेला उतार. सगळे गप्प. पाच वर्षं शिकलेली पोरगी लाल झाली. त्यानं खिशातला खडू काढला आणि तीन भाग कुठं पाडायचे त्या रेघा थेट शिल्पावरच मारल्या. तिनं त्या पुसल्या नाहीत. शेवटच्या दिवसापर्यंत शिल्प रेघांसकट उभं होतं. बघायला मोल्डरची आख्खी पाळी येऊन गेली.

टाऊन हॉलच्या बागेत 'रंगबहार' या कलासंस्थेच्या मैफलीत आपण गवतावर बसून प्रात्यक्षिकं बघायचो, आठवतं? चित्रकाराच्या पाठीमागं उभं राहून 'नाक जरा मोठं झालं' म्हणणारे लोक असायचेच. मला तेव्हा राग यायचा. आता वाटतं, या गावात चित्र बघणं असंच असतं.

आता भांडण सांगतो. एका बिल्डरनं वर्षाचं भाडं देऊ केलंय. बदल्यात शटरऐवजी चकचकीत दार, त्यावर त्याचं नाव आणि आत एका भिंतीवर त्याच्या फ्लॅटचे नकाशे. चौघे हो म्हणतात, चौघे नको, नववा मी. तू नेहमीप्रमाणे म्हणशील, पैसा घेतला की संपलं. तसं नाही मर्दा. बाबूराव पेंटरांनी 1918 साली कॅमेरा स्वतःच्या हातानं बनवला हे आपण छाती फुगवून सांगतो, पण त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीला तानीबाई कागलकरांनी पैसा लावला होता, ते गिळतो. बाईंचं नाव खरी कॉर्नरच्या किती पोरांना ठाऊक असेल? तेव्हा पैशाचं मला वावडं नाही. मला भीती आहे ती त्या चकचकीत दाराची. ते लागलं की तेलकट कपड्यातला माणूस बाहेरच थांबणार. चपला काढू का, असं विचारायला लागणार.

उद्या बैठकीत नको म्हणणार आहे. हो म्हणणाऱ्या चौघांतले दोघे वर्गणी थांबवतील, म्हणजे डोकी 1,000 च्या पुढं जाईल. बायकोला अजून सांगितलेलं नाही.

तुझी चार पोर्ट्रेट्स माळ्यावर होती. पावसात त्या कोपऱ्यात पत्रा गळायला लागला म्हणून लेथच्या बेडवर आणून ठेवली. तुझ्या आज्जीच्या लुगड्यावर थोडं ओघळलंय, बाकी ठीक. पुढच्या महिन्यात चारही लावतोय. फ्रेमला पैसे नाहीत, लाकडी पट्ट्या ठोकू. लावू नको म्हणायचं असेल तर गुरुवारपर्यंत कळव. आणि येशील तेव्हा खिळे घेऊन ये, दोन इंची.

तुझा,
पम्या